पांढरी एक, पांढरी दोन

हर्डी-गर्डी या चाकाच्या वाद्याची जुनी, उतरवलेली तार हातात घेतली की तिच्यावर दोन खुणा दिसतात. एक काळपट, चिकट. तिथे चाक घासत असतं. राळ आणि कापसाचे तंतू मिळून त्या जागेला एक मळका रंग चढलेला असतो. दुसरी खूण पार दुसऱ्या टोकाकडे, खुंट्यांच्या बाजूला. तिथे रंग नाही, डाग नाही, नुसता एक बारीक बाक आहे. तार दोन्ही हातांनी ताणून धरली तरी तो पुरता जात नाही. चाकाची खूण कुणालाही कळेल. या बाकाचं कारण मात्र मला विचारावं लागलं.

वादकानं उत्तर दिलं ते हातानं. मांडीवरचं वाद्य त्यानं माझ्या बाजूला कलतं केलं आणि एका तारेच्या शेजारी, तबलीत रोवलेली पितळेची इवलीशी खुंटी दाखवली. चाक फिरवून आधी मोकळ्या तारेचा सूर ऐकवला. मग तार बोटानं उचलली, खुंटीमागे अडकवली, चाक पुन्हा फिरवलं. सूर अख्खा एक स्वर वर गेला होता. तार सोडवली, सूर परत खाली आला. गिटार वाजवणाऱ्यांकडे असतो तोच हा कॅपो, पण एकाच तारेपुरता आणि एकाच जागी पक्का बसलेला. गिटारचा कॅपो मानेवर कुठेही सरकतो, सगळ्या तारांना एकदम कवेत घेतो. हा एका तारेला एकच पायरी चढवतो आणि उतरवतो, एवढंच त्याचं काम.

हे सगळं फ्रान्सच्या मध्यभागी, बेरी नावाच्या हिरव्या, उतावळेपणा नसलेल्या मुलखात पाहिलं. ला शात्र गावाजवळ आर्सची जुनी गढी आहे. जुलैमध्ये तिच्या भोवतालच्या बागेत वाद्यं बनवणारे कारागीर जमतात. हा मेळा १९७६ पासून जवळच्या सँ-शार्तिए गावात भरत असे. २००९ मध्ये तो इथे आला. लेखिका जॉर्ज सांदचं नोआँ याच टापूत आहे, आणि तिची १८५३ची ‘ले मेत्र सोनर’ ही कादंबरी इथल्याच वाद्यं वाजवणाऱ्यांची, मुख्यतः मशकवाद्य फुंकणाऱ्यांची. झाडांखाली टेबलं मांडलेली, त्यांवर बासऱ्या, मशकवाद्यं, अकॉर्डियन आणि हर्डी-गर्डी. फ्रेंच लोक तिला ‘व्हिएल’ म्हणतात. या बागेतून चालताना कानाला एक वेगळीच सवय लागते. इथे प्रत्येक झाडाखाली एक आधारसूर सतत चालू असतो. एका टेबलापाशी पांढरी एक धरलेली, पन्नास पावलांवर पांढरी पाच. मधल्या वाटेवर दोन्ही कानांवर दोन सूर येतात, आणि मग हळूहळू एक मावळतो, दुसरा उजाडतो. पाय कुठे थांबवायचा हे डोळे ठरवत नाहीत, कान ठरवतात. मी थांबले ती अशीच.

वाद्याची रचना थोडी सांगायला हवी, कारण कॅपोचं मोल तिच्यातच आहे. लाकडाची पोकळ पेटी, काही गिटारच्या आकाराच्या, काही ल्यूटसारख्या फुगीर पाठीच्या. हे दोन आकार योगायोगानं आलेले नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्सायच्या आंरी बातोँ या कारागिरानं पडून राहिलेल्या जुन्या गिटारी आणि ल्यूट घेतल्या आणि त्यांना चाकं बसवली, असं सांगतात. पेटीच्या पोटातून एक लाकडी चाक किंचित वर आलेलं असतं. त्याच्या कडेला राळ लावलेली. उजव्या हातानं दांडा फिरवायचा; चाक फिरतं आणि त्याला टेकलेल्या तारा वाजत राहतात. गजाला टोक असतं, तिथे तो उलटावा लागतो. चाकाला टोक नाही. म्हणून इथे सुराला श्वास घ्यावा लागत नाही. चाक जिथे घासतं तिथे प्रत्येक तारेवर कापूस गुंडाळतात, अगदी समईची वात वळतात तसा, चिमटीनं आणि किंचित ओल्या बोटांनी. कापूस जास्त झाला तर सूर गुदमरतो, कमी झाला तर किंचाळतो. ज्या तारांवर चाल वाजते त्या मधल्या पेटीतून जातात. डाव्या हातानं कळ दाबली की लाकडाची छोटी निशाणं तारेला आतून टेकतात आणि स्वर बदलतो. हात उचलला की कळ आपल्या वजनानं खाली पडते. या पेटीच्या बाहेर, दोन्ही अंगांना, उरलेल्या तारा असतात. त्यांना कळ नाही, निशाण नाही. त्यांनी फक्त एकेक सूर धरून ठेवायचा.

त्यांपैकी एक तार निराळी. तिचं नाव त्रॉम्पेत. ती ज्या लाकडी तुकड्यावरून जाते त्याचा एक पाय खाचेत रुतवलेला असतो, दुसरा तबलीवर नुसता टेकलेला. दांडा फिरवणाऱ्या मनगटानं हिसका दिला की तो मोकळा पाय तबलीवर थरथरतो आणि एक करकरीत गुंजन उठतं. फ्रेंचमध्ये त्या तुकड्याला ‘कुत्रा’ म्हणतात. एका फेऱ्यात दोन हिसके, चार हिसके, मनगट तयार असेल तर आणखी. नाचणाऱ्यांना ताल मिळतो तो इथूनच. बेरीची बूरे ही नाचाची चाल दोन मात्रांची, ओव्हेर्न्यची तीन मात्रांची, आणि हा फरक पायांच्या आधी त्या करकरीत आवाजात ऐकू येतो. मला त्यात जवारी ऐकू आली. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी आणला की कोरडा सूर अचानक उमलतो, तीच किमया इथे लाकडाच्या मोकळ्या पायानं साधलेली. तिथे ती सतत उमललेली, इथे मनगटाच्या हुकमानं. पण दोन्हीकडे कुणाच्या तरी कानाला कळलं होतं की नुसता शुद्ध सूर पुरत नाही, त्याला कुठेतरी किंचित घासावं लागतं.

कॅपो असतो तो बहुधा याच त्रॉम्पेतला.

आता सुरांचा हिशेब. मध्य फ्रान्समध्ये फार रुळलेल्या मांडणीत वाद्य दोन ठिकाणांहून वाजतं, सी आणि जी. आपल्या भाषेत पांढरी एक आणि पांढरी पाच. चालीच्या दोन्ही तारा पांढरी पाचवर लावलेल्या. त्रॉम्पेत मोकळी सोडली तर ती पांढरी एक. पांढरी एकला षड्ज मानून चाल वाजवायची तेव्हा सगळं जागच्या जागी असतं: त्रॉम्पेत षड्जावर, बाजूच्या तारांत षड्ज आणि पंचम. पण पांढरी पाच षड्ज झाला की तीच त्रॉम्पेत, जागची न हलता, मध्यम होऊन बसते. तेव्हा तार खुंटीमागे अडकवतात. ती पांढरी दोनवर जाते, म्हणजे नव्या षड्जाच्या पंचमावर.

त्या झाडाखाली उभी राहून मी हे मनाशी मोजत होते आणि माझ्या लक्षात आलं, की हे मला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. मध्यमावरून पंचमावर. हा तर तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा प्रवास.

मी गाणं शिकले त्या बाई फारसं बोलत नसत. आज कुठला राग, हे त्या सांगत नसत. आम्ही मुली सतरंजीवर बसायचो आणि त्या तंबोरा मांडीवर आडवा घेऊन पहिल्या तारेची खुंटी पिळायच्या. पंचमावरून तार उतरायला लागली, सैल होत होत मध्यमावर आली, आणि मग घोडीखालचा मणी हलवून नेमकी बसली, की आम्ही एकमेकींकडे पाहायचो: मालकंस किंवा बागेश्री. आणखी वेगळ्या जागी, निषादावर गेली, तर मारवा नाहीतर पूरिया. एक शब्द उच्चारला जाण्याआधी खोलीचा सगळा रंग बदललेला असायचा. तीच भिंत, तीच खिडकी, बाहेर तोच रस्ता. पण मध्यमाच्या तंबोऱ्यात संध्याकाळ जास्त खोल वाटायची. मला तेव्हा वाटे की राग बाई गातील तेव्हा सुरू होईल. आता वाटतं, तो खुंटीच्या त्या अर्ध्या पिळातच सुरू झालेला असायचा.

बाईंच्या हाताला जे करायला तीन-चार मिनिटं लागत, ते हा वादक एका बोटानं करत होता. मला याचा आनंद झाला आणि थोडी हळहळही वाटली. तार हळूहळू उतरताना मध्ये जे बेसूर थर लागतात, तेही आमच्या ऐकण्याचा भाग होते. कान त्या वाटेनं चालत मुक्कामी पोचायचा. खुंटीचा कॅपो ती वाट गाळून टाकतो. पण नाचाच्या अंगणात लोक पाय उचलून उभे असतात, त्यांना थांबवून तार पिळत बसता येत नाही. ज्या वाद्याचा जन्म मैफलीत आहे आणि ज्याचा जन्म चौकात आहे, त्यांचे उपाय वेगळे असणारच.

खुंटी कुठे रोवायची, हा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे. एक पूर्ण स्वर वर जायचं तर तारेच्या वाजत्या लांबीचा नववा हिस्सा कमी करावा लागतो. लांबी ३६ सेंटीमीटर असेल तर ४ सेंटीमीटर. पण तार खुंटीमागे ओढली की ती थोडी अधिक ताणली जाते आणि त्या ताणानंही सूर चढतो. म्हणून कारागीर खुंटी नेमक्या नवव्या हिश्शावर न रोवता टोकाकडे किंचित सरकवतो. किती, हे तार कशाची आहे, केवढी जाड आहे, किती वाकते यावर. आतड्याची तार वेगळं वागते, नायलॉनची वेगळं. शिवाय चाक आपल्या जागीच असतं. तार आखूड झाली म्हणजे चाक तिला आता प्रमाणानं थोडं अधिक आतल्या बाजूला स्पर्श करतं, त्यामुळे आवाजाचा पोतही बदलतो. आणि ‘कुत्रा’? ताण बदलला की त्याचं थरथरणंही बदलतं. त्यासाठी शेपटीच्या बाजूला एक छोटी खुंटी असते. ती फिरवून त्रॉम्पेतला बाजूनं ओढत ओढत गुंजन पुन्हा हाताखाली आणायचं. एक स्वर वर उचलला, तर एवढ्या गोष्टी जागच्या हलतात. ते पाहून मला बरं वाटलं. आधार बदलणं इतकं सहज असू नये, असं आतून कुठेतरी वाटत होतं.

आणखी एक गोष्ट त्या वादकानं दाखवली आणि तिनं मला बराच काळ गुंतवून ठेवलं. कळपेटीतली निशाणं पक्की नसतात. प्रत्येक निशाण आपल्या दांडीवर थोडं फिरवता येतं, आणि त्यामुळे प्रत्येक स्वर केसभर चढा किंवा उतरा करता येतो. ज्या वाद्यात आधारसूर अखंड चालू आहे तिथे हे लागतंच; सतत वाजणाऱ्या षड्जासमोर खोटा स्वर लपत नाही. आता पांढरी सहा घ्या. पांढरी एकच्या घरात ती धैवत. तिथे ती ज्या उंचीवर गोड वाटते, त्या उंचीवर निशाण बसवलं. मग कॅपो लावून पांढरी पाचच्या घरात गेलो. तिथे तीच पांढरी सहा ऋषभ होते, आणि नव्या पंचमाशी, खुंटीमागे अडकलेल्या त्या तारेशी, तिला स्वतःच पंचमाचं नातं जुळवायचं असतं. त्यासाठी ती किंचित चढी हवी. फरक अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाचा. निशाण दोन्हीकडे खरं ठरू शकत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रातले दोन ग्राम आठवले. षड्जग्राम आणि मध्यमग्राम यांच्यात फरक आहे तो पंचमाच्या एका श्रुतीचा, एवढासाच. शाळेत असताना हे पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं. एवढ्याशा फरकासाठी दोन वेगळे ग्राम का मानावेत, हे तेव्हा कळलं नव्हतं. बेरीतल्या त्या बागेत, एका लाकडी निशाणाच्या अडचणीत, ते कळलं. मुक्काम हलला की जुना स्वर नव्या घरात शिरतो तेव्हा तो जवळजवळ तोच असतो. त्या ‘जवळजवळ’चं काय करायचं, हे प्रत्येक संगीतानं आपापल्या परीनं ठरवलं आहे. मी विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणाला, मधोमध ठेवतो. मग थोडं थांबून म्हणाला, पण नाचाला कुठल्या चाली जास्त आहेत हे बघून कधी इकडे, कधी तिकडे.

या वाद्याचं आयुष्य मोठं आहे आणि त्यातला बराचसा भाग स्थिर सुराचा आहे. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या देवळात, मातेओ या शिल्पकारानं घडवलेल्या आणि ११८८ साल कोरलेल्या दाराच्या कमानीवर बायबलमधले चोवीस वृद्ध बसले आहेत, प्रत्येकाजवळ काही ना काही. कमानीच्या अगदी माथ्यावरच्या दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच लांबलचक वाद्य आहे, हर्डी-गर्डीचा पूर्वज ऑर्गानिस्ट्रम. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं दोन्ही हातांनी कळा चालवायच्या. दोन म्हातारी माणसं एका सुराला धरून आहेत, आणि त्यांचे चेहरे गप्पा मारत असल्यासारखे एकमेकांकडे वळलेले आहेत. पुढे वाद्य लहान झालं, एकट्या माणसाचं झालं, आणि मग रस्त्यावर आलं. नाँतच्या संग्रहालयात जॉर्ज द ला तूरचं चित्र आहे: अंध म्हातारा गातो आहे, मांडीवर हर्डी-गर्डी, आणि चित्रकारानं तिथे एक माशीही रंगवली आहे. युक्रेनमध्येही हे वाद्य घेऊन गावोगाव हिंडणारे, धर्मगीतं गाणारे अंध गायक होते. त्यांना लिर्निक म्हणत. सावोआच्या डोंगरांतली मुलं हे वाद्य आणि शिकवलेलं मार्मोट घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर येत.

आणि मग, मधल्या काळात, ते दरबारातही गेलं. पंधराव्या लुईची राणी मारी लेझ्झिन्स्का व्हिएल वाजवत असे. उमरावांच्या बायका हस्तिदंती कळांची वाद्यं मांडीवर घेऊन चित्रं काढून घेऊ लागल्या. मिशेल कोरेतनं १७८३ मध्ये ‘ला बेल व्हिएल्यूज’ हे शिकण्याचं पुस्तक काढलं. त्या काळी या वाद्यासाठी जे संगीत छापलं गेलं ते बहुतेक याच दोन घरांतलं आहे: सी आणि जी. इतकी गाजलेली नाचगाणी, इतके संगीतकार, आणि मुक्काम फक्त दोन. मला यात उणेपण वाटत नाही. दोनच घरं असली तर माणूस त्या दोन्हींचे कोपरे ओळखतो.

नंतर दरबार गेला, फॅशन गेली, वाद्य पुन्हा खेड्यात परतलं. बूर्बोनेमधल्या जाँझा या लहानशा गावात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पाजो घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या व्हिएल बनवल्या. एका गावाचं नाव एका वाद्याशी जोडलं जाणं आपल्याला नवं नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळे उन्हात वाळताना पाहिलेल्या माणसाला जाँझाची कल्पना लगेच येईल. तिथेही हात तयार झाले ते बापाच्या हाताकडे बघून, आणि तिथेही कारागिराचा कान गवयाच्या कानाइतकाच कसलेला असणार.

आजची वाद्यं पुष्कळ पुढे गेली आहेत. व्हालांतँ क्लास्त्रिएसारख्या वादकानं विजेवर चालणारी, अनेक तारांची हर्डी-गर्डी हाती घेऊन तिला अशा प्रदेशात नेलं, जिथे या वाद्याची चाहूलही नव्हती. आर्सच्या टेबलांवर मला दोन-दोन, तीन-तीन त्रॉम्पेतांची वाद्यं दिसली. प्रत्येकीला एक नव्हे तर अनेक कॅपो, काहींना बोटानं पाडता येतील अशा पितळी तरफा. एका स्वरानं, दोन स्वरांनी, हवं तिथे जा. कारागीर अभिमानानं दाखवत होते आणि त्यांचा अभिमान रास्त होता. पण मी पुन्हा पुन्हा वळत होते ती एकाच खुंटीच्या वाद्यांकडे. अनेक खुंट्यांचं वाद्य वाजवणाऱ्याला पुष्कळ मोकळीक देतं. एक खुंटी त्याला एकच गोष्ट विचारते, हो की नाही. आणि ते उत्तर चाल सुरू होण्याआधी द्यावं लागतं, कारण एकदा चाक फिरू लागलं की उजवा हात दांड्यावर असतो, डावा कळांवर, आणि तिसरा हात कुणालाच नसतो.

म्हणून बालमध्ये, म्हणजे गावच्या नाचाच्या रात्री, वादक चालींचा क्रम लावतात तो नीट ऐकण्यासारखा असतो. पांढरी एकच्या चाली एका मागून एक, मग थोडं थांबणं, मग पांढरी पाचच्या. त्या थांब्यात नाचणारे घाम पुसतात, जोड्या बदलतात. तेवढ्यात वादक दोन कामं करतो. त्रॉम्पेत खुंटीमागे अडकवतो, आणि पांढरी एक धरणारी बाजूची खर्जाची तार एका आकड्यात अडकवून चाकापासून बाजूला करतो. तिच्या जागी पांढरी पाचची जाड तार चाकावर सोडतो. मला हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. एक तार उचलली म्हणून नवं घर उभं राहत नाही. जुन्या घराचा षड्ज आधी गप्प करावा लागतो. तो तसाच वाजत राहिला तर नव्या पंचमाशी त्याचं भांडण होतं, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की आपण कुठे आहोत.

मी त्या मुलखात पाहुणी होते, तरी काही काळ राहिले होते. पुण्याहून फोन आला की पहिल्या दोन वाक्यांत माझा मराठीचा सूर बसत नसे. ते चुकीचं काही नव्हतं, शब्द तेच होते. पण दिवसभर दुसऱ्या षड्जावर बोलून जीभ तिथे टेकलेली असायची. आई म्हणायची, तू दमलेली वाटतेस. दमलेली नसे मी. मग हळूहळू, ‘अगं’ आणि ‘बरं का’ करत करत, आवाज उतरायचा, आणि आईही म्हणायची, हं, आता बरी वाटतेस. माझ्याकडे खुंटी नव्हती. मला बाईंसारखी तार पिळतच जावं लागे, मधल्या बेसूर थरांतून. परदेशी राहणारी माझी काही ओळखीची माणसं एका बोटानं हे करताना मी पाहिली आहेत. एका वाक्यात इकडे, पुढच्या वाक्यात तिकडे, आणि दोन्हीकडे लख्ख. मला त्यांचं कौतुक वाटतं. त्यांच्या आवाजात बारकाईनं ऐकलं तर तारेवरचा तो बारीक बाकही सापडतो.

शूबर्टनं १८२७ मध्ये ‘विंटरराइझे’ ही चोवीस गाण्यांची माला रचली. तिचं शेवटचं गाणं गावाबाहेर बर्फात उभ्या असलेल्या हर्डी-गर्डीवाल्याचं आहे. पियानोच्या डाव्या हातात षड्ज आणि पंचम सुरू होतात आणि गाणं संपेपर्यंत हलत नाहीत. वर गाणाऱ्याची ओळ येते, थांबते. उजव्या हाताची छोटीशी सुरावट येते, थांबते. खाली तेच दोन सूर. मी हे गाणं पूर्वी बऱ्याचदा ऐकलं होतं आणि त्या न हलणाऱ्या सुरांत मला फक्त थंडी ऐकू यायची. आर्सहून आल्यावर ऐकलं तेव्हा पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या वाद्याचा विचार मनात आला. त्याच्या त्रॉम्पेतला खुंटी असेल का? असली तरी बोटं गारठलेली आहेत, नाचायला कुणी आलेलं नाही, चालींचा क्रम लावायचं कारण उरलेलं नाही. शूबर्टला हे ठाऊक असावं असं मी म्हणणार नाही. पण न बदलणाऱ्या आधाराचे दोन अर्थ असू शकतात हे त्यानं ऐकलं होतं, आणि त्यातला एकच त्या गाण्यात ठेवला.

दुसरा अर्थ मला कोम्पोस्तेलाच्या त्या दोन म्हाताऱ्यांत दिसतो, ज्यांना बदलण्याची गरजच वाटत नाही. आणि या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बेरीचा तो वादक आहे, जो जुलैच्या रात्री अंगणात बसून दोन नाचांच्या मध्ये तार उचलतो.

तिथे शिकलेली एक बूरे मी घरी गुणगुणत असते. ती पांढरी पाचची आहे, कॅपो लावून वाजवायची. परवा तंबोरा काढला होता, पहिली तार मध्यमावर होती. आदल्या दिवशी बागेश्री गायले होते. तसाच छेडत बूरे गाऊन पाहिली. पंचम आधाराला नाही, त्याच्या जागी मध्यम, म्हणजे कॅपो न लावता वाजवल्यासारखं. चाल मोडली नाही. पण तिचा गंधार, जो तिथे नाचणाऱ्यांच्या टाचेबरोबर हसत यायचा, तो आता मध्यमाकडे ओढला जाऊ लागला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी षड्जावर परत येणं लांबलं. मी ती तीन-चार वेळा गायले. दर वेळी गंधार थोडा वेगळा लागला, आणि त्यातला कुठला बरोबर हे मला ठरवता येईना. गळ्याला कळ नसते, तो आपल्या सोयीनं सरकतो. लाकडी निशाण वाजवता वाजवता सरकत नाही. तेव्हा पुढच्या जुलैत आर्सला जाणं झालं तर कुणातरी वादकाला विनंती करणार आहे, की एवढी एकच चाल खुंटी सोडवून वाजवा, आणि खर्जाची तारही तशीच चाकावर राहू द्या.